आतड्यातले जिवाणू आणि विषाणूंचे आजार: 'पोट चांगलं तर प्रतिकारशक्ती चांगली' हे कुठवर खरं?

पेट्रीडिश

दह्याच्या धाग्यावर 'रोज वाटीभर दही, सर्दी-फ्लू जवळ नाही' यावरून बरीच जुंपली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त विषाणूंबद्दल बोलू. ॲसिडिटी, वजन, मधुमेह नको, ते गाडं रुळावर ठेवणं कठीण जातं.

माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे खोडायला सोपं. आतड्यातल्या जिवाणूंचा विषाणूंविरुद्धच्या प्रतिकाराशी संबंध आहे, आणि तो पक्का आहे. पण तो एकाच दिशेने चालत नाही. फ्लूच्या बाबतीत जे जिवाणू आपल्या बाजूने उभे राहतात, तेच पोलिओच्या विषाणूला हात देऊन आत घेतात. त्यामुळे 'चांगले जिवाणू वाढवा' हा सल्ला कोणत्या विषाणूबद्दल, कोणत्या वेळी, असं विचारल्याशिवाय अर्धवट राहतो.

आधी आकडा दुरुस्त करून घेऊ. 'शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू' हे वाक्य अजून फिरतं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने २०१६ मध्ये नीट हिशेब मांडला: ७० किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन सुमारे २०० ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात.

आता आतड्यातल्या जिवाणूंचा फुप्फुसातल्या फ्लूशी संबंध कसा? येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये उंदरांना चार आठवडे पाण्यातून अँटिबायोटिक दिलं आणि मग नाकातून फ्लूचा विषाणू दिला. प्रतिपिंडं कमी बनली, संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींचा प्रतिसाद मंदावला, फुप्फुसात विषाणू जास्त सापडला. खरी गंमत पुढे आहे. त्याच उंदरांना गुदमार्गे जिवाणूंच्या कवचातला एक घटक, लिपोपॉलिसॅकराइड, दिला तर प्रतिसाद परत आला. जिवंत जिवाणू लागलाच नाही, त्याच्या कवचाची चाहूल पुरली.

२०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने याचा दुसरा पदर उलगडला. अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींमध्ये इंटरफेरॉनशी, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांशी, संबंधित जनुकं संसर्गाच्या आधीपासूनच खालच्या पातळीवर होती. चुलीत रात्री राखेखाली विस्तव जपून ठेवतात, सकाळी फुंकर मारली की पेटतो. जिवाणूंची सततची चाहूल हा तो राखेखालचा विस्तव. तो विझलेला असेल तर विषाणू आल्यावर काडी शोधण्यापासून सुरुवात, आणि विषाणूच्या संसर्गात पहिले एक-दोन दिवसच महत्त्वाचे असतात.

चाहूल पोचते कशी, तेही बरंच कळलं आहे. 'बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस' या जिवाणूच्या बाह्य आवरणातलं एक ग्लायकोलिपिड मोठ्या आतड्यातल्या डेन्ड्रिटिक (पहारेकरी) पेशींच्या टीएलआर-४ या ग्राहकाला, म्हणजे जंतूची चाहूल टिपणाऱ्या रेणूला, लागतं, तिथून इंटरफेरॉन-बीटा थोडं थोडं झिरपत राहतं (२०२०, बोस्टन). दुसरा मार्ग रसायनांचा. जिवाणू आपल्या जेवणातले पदार्थ मोडतात, त्यातून बनलेले छोटे रेणू रक्तातून फुप्फुसापर्यंत जातात. सेंट लुईसच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलेला डेसअमिनोटायरोसिन हा रेणू त्यातला. चहा, फळं, भाज्या यांतल्या फ्लेव्होनॉइडवर क्लॉस्ट्रिडियम कुळातला एक जिवाणू काम करतो आणि तो रेणू बनतो. उंदरांना संसर्गाच्या आधी दिला तर फ्लू सौम्य झाला. संसर्ग झाल्यावर उशिरा दिला तेव्हा ते संरक्षण मिळालं नाही. कारण इंटरफेरॉन लवकर आलं तर विषाणू आवरतो, उशिरा आलं तर तेच दाह वाढवतं.

आता उलटी बाजू. २०११ मध्येच डॅलसच्या ज्युली फायफर यांच्या गटाने पोलिओच्या विषाणूवर काम केलं. अँटिबायोटिक दिलेले उंदीर इथे *कमी* आजारी पडले. पोलिओचा कण जिवाणूंच्या पृष्ठभागावरच्या साखरी साखळ्यांना चिकटतो, त्यामुळे उष्णतेत जास्त टिकतो आणि पेशीवरच्या ग्राहकाला जास्त घट्ट बसतो. उंदरांमध्ये दुधातून पिलांकडे जाणारा स्तनार्बुदाचा एक विषाणू तर याहून धूर्त. तो जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड अंगावर पांघरून येतो. ते पाहून शरीर 'हा घरचाच' असं समजतं, आयएल-१० हा संदेशरेणू सोडतं आणि प्रतिकार थंडावतो.

एकच गोष्ट, म्हणजे जिवाणूचं कवच, फ्लूत विस्तव राखते आणि इथे चोराला घोंगडी देते. म्हणून सरसकट उत्तर नाही.

---

संख्याखोर

धागा आवडला, पण उंदरांच्या प्रयोगांना चिमटीत मीठ घेऊनच हात लावावा. कुठे घसरतं ते लिहितो.

पहिलं, मिश्रण. यातल्या बऱ्याच प्रयोगांत ठरलेलं चौकडीचं मिश्रण असतं: लिटरभर पाण्यात ॲम्पिसिलिन १ ग्रॅम, निओमायसिन १ ग्रॅम, मेट्रोनिडाझोल १ ग्रॅम, व्हँकोमायसिन अर्धा ग्रॅम. मेट्रोनिडाझोल कडू जहर. उंदीर पाणी पीत नाहीत, दोन-तीन दिवसांत वजन उतरतं. मग तो प्रयोग जिवाणू मारल्याचा की तहानलेल्या उंदरांचा? म्हणून काही जण गोडी घालतात किंवा नळीने थेट पोटात देतात. शोधनिबंध वाचताना पद्धतीच्या भागात वजनाचा आलेख आहे का ते आधी बघायचं.

दुसरं, औषध स्वतःच खोड्या करतं. इवासाकींच्याच गटाने २०१८ मध्ये दाखवलं की निओमायसिन श्लेष्मल त्वचेवर लावलं की जिवाणू असोत-नसोत, टीएलआर-३ मार्गे इंटरफेरॉनची जनुकं जागी होतात आणि विषाणू आवरतो. म्हणजे 'अँटिबायोटिक दिलं आणि प्रतिकार बदलला' यावरून 'जिवाणूंमुळे बदलला' असं आपोआप ठरत नाही. मेलेल्या जिवाणूंच्या जागी जिवंत जिवाणू परत पेरून परिणाम उलटतो का, हे दाखवावं लागतं.

तिसरं, निर्जंतुक वातावरणात वाढलेले उंदीर. त्यांची आतड्यालगतची लसिका ऊती (जिथे प्रतिकाराच्या पेशी असतात) जन्मापासूनच अपुरी वाढलेली असते. त्यांची तुलना अँटिबायोटिक घेतलेल्या मोठ्या माणसाशी करणं म्हणजे कधी शाळेतच न गेलेल्याची तुलना आठवडाभर रजा काढलेल्याशी.

चौथं, उंदीर कुठून विकत घेतला. अमेरिकेतल्या एका पुरवठादाराच्या उंदरांत तंतुमय जिवाणूंचा एक प्रकार असतो, दुसऱ्याच्या उंदरांत नसतो. अटलांटातल्या एका गटाच्या वसाहतीत काही उंदरांना रोटाव्हायरस हा जुलाबांचा विषाणू लागेचना. शोध घेतला तर कारण हेच तंतुमय जिवाणू निघाले (२०१९). ते आतड्याच्या अस्तराच्या पेशी लवकर गळायला लावतात, विषाणूला पाय रोवायला जागाच मिळत नाही. इथे इंटरफेरॉनसुद्धा लागलं नाही.

पाचवं, प्रयोगशाळेतला उंदीर मुळात फार स्वच्छ. २०१७ मध्ये अमेरिकेत रानातल्या उंदरांचे आतड्यातले जिवाणू प्रयोगशाळेतल्या उंदरांत रुजवले आणि फ्लूचा मारक डोस दिला. रानटी जिवाणू मिळालेले ९२ टक्के जगले, नेहमीचे १७ टक्के.

---

पेट्रीडिश

@संख्याखोर, सगळं मान्य. म्हणूनच लिपोपॉलिसॅकराइड परत दिल्यावर परिणाम उलटला, हे मला येलच्या कामातलं सगळ्यात वजनदार वाटतं. चिमटीतल्या मिठाबद्दल मात्र असहमत: हे इंग्रजीतून आलंय, आपल्याकडे 'ताक फुंकून पितात' :)

---

निळी_शाई

घसा धरला, नाक वाहतंय, की दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणायच्या हा सर्रास प्रकार. सर्दीवर उपयोग नाही हे माहीत आहे. प्रश्न असा: त्या तीन गोळ्यांनी विषाणूविरुद्धचा प्रतिकार खरंच ढासळतो का? माणसात कोणी पाहिलंय?

---

बाळघुटी

@निळी_शाई, माणसातला सर्वात चांगला पुरावा २०१९ चा आहे, अमेरिकेतला. निरोगी प्रौढांना फ्लूच्या लशीच्या आगेमागे ५ दिवस व्हँकोमायसिन, निओमायसिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं. आतड्यातल्या जिवाणूंची संख्या दहाहजारपट घटली. तरी पहिल्या गटात लशीने बनलेल्या प्रतिपिंडांत लक्षणीय फरक दिसला नाही! कारण त्या लोकांत फ्लूची जुनी प्रतिपिंडं भरपूर होती. मग मुद्दाम असे लोक घेतले ज्यांच्यात जुनी प्रतिपिंडं कमी. त्यांच्यात मात्र एच-१-एन-१ विरुद्धची प्रतिपिंडं स्पष्टपणे कमी बनली.

यातून काय घ्यायचं? ज्याची स्मृती आधीच तयार आहे त्याला जिवाणूंची चाहूल फारशी लागत नाही. ज्याला तो विषाणू नवा आहे, त्याला लागते. नवा म्हणजे कोणाला? लहान मुलांना. आपल्याकडे सर्दीवर अँटिबायोटिकचा सर्वात जास्त मारा त्यांच्यावरच होतो.

पण तुमच्या 'तीन गोळ्या' आणि त्या प्रयोगातली तीन औषधं यांत फरक आहे. व्हँकोमायसिन आणि निओमायसिन तोंडाने घेतली की जवळजवळ सगळी आतड्यातच राहतात, म्हणून तडाखा मोठा. अझिथ्रोमायसिनने इतकी साफसफाई होत नाही. त्यामुळे 'तीन गोळ्यांनी प्रतिकारशक्ती संपली' असंही म्हणू नये. अँटिबायोटिक न घेण्याची कारणं त्याआधीच पुरेशी आहेत: विषाणूवर शून्य परिणाम, जुलाब, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू घरात पोसणं. मात्र डॉक्टरांनी न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा टायफॉइडसाठी दिलं असेल तर 'चांगले जिवाणू मरतील' म्हणून अर्ध्यावर सोडू नका. या धाग्याचा तसा अर्थ काढणारे असतात म्हणून ठळक लिहितोय.

---

बाळघुटी

वेगळा प्रतिसाद, कारण हा विषय आपल्या दाराशीच आहे: रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस.

युरोपात रोटारिक्स या लशीने तीव्र जुलाबांपासून ९० टक्क्यांवर संरक्षण दिलं. दिल्लीत सापडलेल्या ११६-ई या वाणापासून बनलेल्या रोटाव्हॅकची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे झाली, संरक्षण साधारण ५५ टक्के. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासीलची गोष्ट आणखी बोलकी: हीच लस नायजरमध्ये ६६.७ टक्के, भारतात मुख्य विश्लेषणात ३६ टक्के. लस तीच, पोटं वेगळी.

लगेच 'आपल्या बाळांचे जिवाणू वाईट' असा निष्कर्ष निघतो. तितकं सरळ नाही. कारणांची रांग मोठी आहे: आईकडून नाळेतून आलेली प्रतिपिंडं, सोबत दिलेला तोंडावाटेचा पोलिओ डोस (विशेषतः पहिल्या वेळी), आतड्याच्या अस्तराला सततच्या संसर्गाने आलेली सूज, बाळाचा रक्तगटाशी निगडित जनुकीय प्रकार, आणि मग जिवाणू. भारत, मलावी आणि ब्रिटनमधल्या बाळांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात भारत आणि मलावीत ज्या बाळांच्या आतड्यात जिवाणूंचे *जास्त* प्रकार, त्यांच्यात लशीचा प्रतिसाद *कमी* होता. 'विविधता म्हणजे आरोग्य' हे प्रौढांचं सूत्र तीन महिन्यांच्या बाळाला लावता येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियाचंच राज्य असायला हवं. प्रकार लवकर वाढणं ही बऱ्याचदा दूषित पाण्याची, वरच्या दुधाची खूण असते.

मग जिवाणू बदलून लस सुधारते का? वेल्लोरमध्ये करून पाहिलं. ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना पोलिओच्या तोंडावाटे डोसआधी अझिथ्रोमायसिन, किलोमागे १० मिलिग्रॅम, ३ दिवस. आतड्यातले रोगकारक जिवाणू घटले, सूज दाखवणाऱ्या खुणा घटल्या, पण लशीचा प्रतिसाद दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपासच राहिला. वेल्लोरमध्येच रोटाव्हायरस लशीसोबत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि झिंक देऊन पाहिलं. किंचित वाढ दिसली, पण ती योगायोगाच्या कक्षेबाहेर गेली नाही. ॲमस्टरडॅममध्ये प्रौढ पुरुषांना लशीआधी अँटिबायोटिक दिलं, तर विष्ठेतून लशीचा विषाणू जास्त बाहेर पडला, पण २८ व्या दिवशीची प्रतिपिंडं तेवढीच.

पालकांसाठी कामाचं एवढंच:

डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, वेळेवर. सरकारी कार्यक्रमात पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू करता येतो, पण वाट पाहू नका, कारण रोटाव्हायरस पहिल्या वर्षातच जास्त झोडपतो. बाळाचा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नाही. लशीच्या आधी-नंतर अर्धा तास अंगावर पाजू नका, असा एक सल्ला फिरतो. दिल्ली, पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत तसं करून पाहिलं, काही फायदा झाला नाही. बाळ रडत असेल तर पाजा. आणि ३६ टक्के ऐकून लस टाळू नका. जिथे रोटाव्हायरसचे जुलाब जास्त, तिथे ३६ टक्क्यांनीही दवाखान्यात भरती होणारी बाळं युरोपातल्या ९० टक्क्यांपेक्षा संख्येने जास्त वाचतात.

---

निळी_शाई

शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, मग पटलं. धन्यवाद.

---

ताकपिठं

दह्यावरून सुरू झालं म्हणून दह्यावर येते. आहाराच्या बाजूने लिहिते, संख्याखोरांनी तुटून पडावं.

घरचं दही आणि प्रोबायोटिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोबायोटिक म्हणजे ठरलेला वाण, ठरलेल्या संख्येत, चाचणी झालेला. घरच्या विरजणात लॅक्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस असतात, पण कोणते, किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. म्हणून 'दह्याने फ्लू टळतो' असं कोणी मोजून सांगू शकत नाही. दही चांगलं अन्न आहे, ते त्या नात्याने खावं.

ज्यांना दह्यातले जिवाणू जिवंत हवेत त्यांच्यासाठी: दूध उकळून ४० ते ४३ अंशांवर आणायचं (करंगळी सात-आठ सेकंद सहन होईल इतपत), अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण, ६ ते ८ तास. दूध ५० च्या वर असताना विरजण घातलं तर जिवाणू मरतात, दही लागतच नाही किंवा पाणी सुटतं. फार कोमट घातलं आणि थंडी असेल तर दुसरेच जिवाणू पुढे जातात, दह्याला तार येते. कढी उकळली की जिवंत काही उरत नाही. ताक, दही, चक्का यांत उरतं. मेलेल्या जिवाणूंचं कवच मात्र कढीतही असतं, पण पेट्रीडिश ताईंनी सांगितलेलं लिपोपॉलिसॅकराइड दह्याच्या जिवाणूंत नसतं, ते वेगळ्या कवचाचे. तेव्हा कढीने गुदमार्गाचा प्रयोग सिद्ध होत नाही :))

विकतचं प्रोबायोटिक घेताना वेष्टनावर काय बघायचं:

१. वाणाचं पूर्ण नाव, शेवटच्या आकडे-अक्षरांसकट. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणजे नुसतं 'पाटील' म्हणण्यासारखं. कुठले पाटील?
२. जिवंत पेशींची संख्या *मुदत संपेपर्यंतची* की *बनवतानाची*. दुसरी असेल तर उन्हाळ्यात शीतपेटीशिवाय आलेल्या पाकिटात काय उरलं असेल याचा अंदाज करा.
३. साठवणीचं तापमान, आणि दुकानदार ते पाळतो का.
४. अँटिबायोटिकसोबत जिवाणूंचं प्रोबायोटिक घेत असाल तर निदान दोन तासांचं अंतर. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, त्याला जिवाणूंवरचं अँटिबायोटिक लागत नाही.

कोणी घेऊ नये: अपुऱ्या दिवसांची नवजात बाळं (तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय), केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाची औषधं सुरू असलेले, मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण. यांच्यात प्रोबायोटिकच रक्तात उतरल्याच्या घटना झाल्या आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशाराही दिला.

---

संख्याखोर

@ताकपिठं, तुटून पडण्यासारखं फार नाही, भर घालतो. 'चाचणी झालेला वाण' असला तरी चाचणीत पास झाला का ते बघावं. २०१८ मध्ये अमेरिकेत ३ महिने ते ४ वर्षांच्या ९७१ मुलांवर चाचणी झाली: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, १००० कोटी पेशी, दिवसातून दोनदा, ५ दिवस. जुलाबांचा बऱ्यापैकी ते तीव्र त्रास प्रोबायोटिक गटात ११.८ टक्के, नुसत्या भुकटीच्या गटात १२.६ टक्के. कॅनडात ८८६ मुलं, दुसरं मिश्रण: २६.१ विरुद्ध २४.७. म्हणजे काहीच नाही. मुलांच्या अशा जुलाबांत विषाणूंचा वाटा मोठा असतो, म्हणून ते या धाग्यात बसतं.

उलट उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना ७ दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिलं. जंतुदोष आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर. हे पूर्ण दिवसांच्या आसपास जन्मलेल्या, ठीक वजनाच्या बाळांत, आणि मुख्यतः जिवाणूंच्या जंतुदोषाबद्दल. तो आकडा विषाणूंच्या जाहिरातीत वापरला जातो ते चूक.

अँटिबायोटिकनंतर 'पोट भरून काढायला' प्रोबायोटिक घेणाऱ्यांसाठी वाइझमनचाच २०१८ चा अभ्यास: सात दिवस अँटिबायोटिक दिल्यावर ज्यांनी ११ वाणांचं प्रोबायोटिक घेतलं, त्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा *जास्त* वेळ लागला. मोकळ्या रानात आधी आलेल्याने कुंपण घातलं.

---

ताकपिठं

वाइझमनचं मला माहीत होतं, म्हणून तर प्रोबायोटिकपेक्षा चोथ्यावर (फायबरवर) माझा भर. असलेल्या जिवाणूंना खायला घातलं की ते ॲसिटेट, ब्युटिरेट बनवतात. ब्राझीलच्या गटाने उंदरांत दाखवलं की हे ॲसिटेट फुप्फुसाच्या पेशींपर्यंत जाऊन आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूला आवरतं. स्वित्झर्लंडच्या गटाने फ्लूत दाखवलं की इन्युलिन हा चोथा खाल्लेल्या उंदरांत फुप्फुसाची नासधूस करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी कमी आल्या आणि विषाणू मारणाऱ्या टी-पेशी जोमाने लढल्या.

मात्र त्या उंदरांच्या खाद्यात चोथ्याचं प्रमाण माणसाच्या ताटात मावणार नाही इतकं असतं. माणसासाठी दिवसाला निदान २५ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची पातळी धरा. ती मराठी ताटात कशी भरते: ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे ५०-६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ५-६. कोरड्या मटकीत शेकडा १५, मूठभर (३० ग्रॅम) मटकीच्या उसळीत साडेचार. मध्यम पेरूत ८ च्या आसपास. पांढऱ्या तांदळात शेकडा ३ सुद्धा नाही. दोन भाकऱ्या, उसळ, पेरू, पालेभाजी झालं की आकडा गाठला.

शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो, तोही जिवाणूंना चालतो. पण भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका: बॅसिलस सीरियसचे बीजाणू शिजूनही जगतात, त्याचं विष फोडणीने जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

बहुतेकांचं घोडं अडतं ते घाईमुळे. आज १० ग्रॅम, उद्या ३०, परवा पोट नगारा, तेरवा भाकरी बंद. आठवड्याला ५ ग्रॅमने वाढवा, पाणी वाढवा.

---

जंतर_मंतर

डासांच्या बाजूने दोन गोष्टी. चिकुनगुन्या: सेंट लुईसच्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत हा विषाणू रक्तात जास्त चढतो, आणि त्यांना चावलेल्या डासांतही जास्त जातो. त्यांनी एकच जिवाणू परत रुजवला, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, आणि विषाणू पुन्हा आवरला. हा जिवाणू पित्तरसातल्या आम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतो. ते आम्ल नुसतं दिलं तरी काम झालं. आता बाळघुटींनी सांगितलेला माणसांचा प्रयोग आठवा: तिथे अँटिबायोटिकनंतर रक्तातली हीच, जिवाणूंनी बदललेली पित्ताम्लं हजारपट घटली होती. उंदरातला धागा माणसात कुठे जुळू शकतो, ते इथे दिसतं. चिकुनगुन्याच्या रुग्णांत मात्र याने आजार ठरतो असं अजून म्हणता येत नाही.

दुसरं, डेंगी आणि झिका झालेल्या उंदरांच्या *कातडीवरचे* बॅसिलस जिवाणू वाढतात, ॲसिटोफिनोन नावाचा वास सोडतात आणि डास जास्त येतात (२०२२, चीन). डेंगीच्या रुग्णांच्या काखेतल्या वासातही हे रसायन जास्त आढळलं. तापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत ठेवा, हे घरातल्या बाकीच्यांसाठी का सांगतात, त्याला आणखी एक कारण.

---

निळी_शाई

आतड्याबाहेरचं निघालंच आहे तर योनिमार्गाचं राहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलच्या चाचणीचे नमुने २०१७ मध्ये पुन्हा तपासले. लॅक्टोबॅसिलसचं प्राबल्य असलेल्या स्त्रियांत जेलने एचआयव्हीचा संसर्ग ६१ टक्के कमी केला, नसलेल्यांत फक्त १८ टक्के. कारण साधं: गार्डनेरेला हा जिवाणू ते औषध पेशीत शिरायच्या आत मोडून टाकत होता. 'आतून स्वच्छ' करणारी धावनं विकली जातात, ती याच लॅक्टोबॅसिलसला धुऊन टाकतात. तिथे काही लागत नाही, बाहेरून साधं पाणी पुरे.

---

पेट्रीडिश

उत्तम प्रतिसाद. व्यक्तिगत निरोपातून दोघांनी एकच विचारलं, म्हणून इथे लिहिते: विष्ठेच्या नमुन्यावरून 'तुमच्या प्रतिकारशक्तीचा गुणांक' देणाऱ्या चाचण्या घ्याव्यात का?

नको. नमुना विष्ठेचा असतो, तर वर चर्चेत आलेल्या बऱ्याच गोष्टी लहान आतड्यात किंवा अस्तराला चिकटलेल्या थरात घडतात. विष्ठेच्या एकाच गोळ्याच्या दोन टोकांत प्रमाण वेगळं येऊ शकतं, आणि नमुना घरात तासन्‌तास उबेत राहिला तर काही जिवाणू नळीतच वाढतात. स्वस्त चाचणी प्रजातीपर्यंतसुद्धा धड पोचत नाही, वाण तर दूरच. कोविडच्या काळात हाँगकाँगमध्ये रुग्णांत फेकॅलिबॅक्टेरियम आणि बिफिडोबॅक्टेरिया कमी आढळले, त्यावरून अशा अहवालांत 'कोविड धोका' असा रकाना आला. पण आजाराने जिवाणू घटले, औषधांनी घटले, की आधीच कमी होते म्हणून आजार वाढला, हे रुग्ण झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातून सुटत नाही. आणि फ्लू, पोलिओ, रोटा यांना एकच गुणांक कसा लागू पडेल, हे त्या अहवालवाल्यांना विचारून बघा.

@जंतर_मंतर, कातडीच्या जिवाणूंवर वेगळा धागा काढाच. इथे तो दडून जाईल.